काळ्या कागदाआडची राणी

१

राणी टाकीत नव्हती.

मामीने फोनवर एवढंच सांगितलं. भिंगूने हातातली पाण्याच्या नमुन्याची बाटली खाली ठेवली, हातमोजे काढले आणि प्रयोगशाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कुणी कारण विचारलं असतं तर "मामाचा मासा गेला" असं सांगावं लागलं असतं. नशीब, कुणी विचारलं नाही.

भिंगू हे नाव मामानेच पाडलेलं. लहानपणी तिच्या हातात सतत भिंग असायचं आणि मुंगीपासून मिठाच्या खड्यापर्यंत जे दिसेल त्यावर ती ते धरायची. मामा शाळेत शास्त्र शिकवायचा आणि उरलेला सगळा वेळ तळमजल्यावरच्या खोलीत समुद्रातले मासे वाढवायचा. नुसते पाळायचा नाही, त्यांची पिल्लं जगवायचा. हे तळहातावर पारा खेळवण्यासारखं काम. पिल्लू जन्मतं तेव्हा पापणीच्या केसाच्या तुकड्याएवढं असतं. पाणी जरा बिघडलं, खाणं जरा उशिरा पडलं, की सकाळी टाकीच्या तळाशी नुसती धूळ दिसते. मामाच्या खोलीत अशी कित्येक विणींची पिल्लं मोठी झाली होती आणि त्यातली निम्मी राणीची.

राणी ही क्लाउन जातीची मादी. नारिंगी अंग आणि पांढरे पट्टे, असे मासे पुष्कळांकडे असतात. पण राणीच्या तोंडावरचा पट्टा दूध सांडल्यासारखा दोन्ही गालांवर पसरला होता. तसा दुसरा मासा कुणी पाहिला नव्हता. रविवारी तिचं चित्रीकरण करायला माणसं यायची होती. ते दादाने, म्हणजे मामाच्या मुलाने, ठरवलं होतं.

खोलीच्या दारावर मामाच्या ठळक अक्षरातली पाटी होती : झाकण लावलं का? आत नेहमीसारखी पंपांची घरघर आणि खाऱ्या ओलीचा वास. मागच्या दाराची कडी लोंबत होती. राणीच्या टाकीचं काचेचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं. टाकीत एकटा राजा, राणीचा नर, एका जागी तरंगत होता. शेपटीजवळचा त्याचा तुटका पट्टा भिंगूला पाठ होता.

या टाकीला चारी बाजूंनी काळा कागद लावलेला असे. अंडी घालणाऱ्या जोडीला माणसांची ये-जा सोसत नाही. मामा तिला बाळंतिणीची खोली म्हणायचा आणि कागदातली छोटी खिडकी उघडायची आणि या टाकीत हात घालायची मुभा एकट्या त्यालाच. आता कागद काढलेला होता, पण फाडलेला नव्हता. चिकटपट्टी नखाने सोडवून, नीट घडी घालून तो स्टुलावर ठेवला होता.

भिंगूने मासे धरायची जाळी पाहिली. ती खुंटीवरच होती आणि तिच्या दांड्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याने एक धागा ताणला होता. स्टुलाखाली एक प्लॅस्टिकचा वाडगा पडला होता. तिला मामाचे जुने शब्द आठवले. क्लाउनला जाळीने धरू नये, त्याच्या कल्ल्याचा काटा धाग्यात अडकतो. वाडगा बुडवावा आणि वाट पाहावी.

पलीकडे वाढत्या पिल्लांची मोठी टाकी होती. तिच्या कोपऱ्यात एक पिल्लू दबून होतं, पंख कुरतडलेलं, आणि बाकीची आळीपाळीने त्याला टोचत होती. भिंगूने ते पाहिलं आणि डोळे पुन्हा वाडग्याकडे वळवले.

"कडी बाहेरून तुटलीय," दादा उंबऱ्यातून म्हणाला. "बाहेरचा कुणीतरी."

"बाहेरचा नाही," भिंगू म्हणाली. "ज्याला हे काम येतं, असा कुणीतरी."

२

हे काम येणारी माणसं तशी तीनच.

दादाला त्यांत धरायचं की नाही, हा प्रश्न होता. लहानपणी शिकलेला असल्याने त्याला काम यायचं, पण तो खोलीच्या उंबऱ्याआत कधी पाऊल टाकत नसे. दुसरीत असताना त्याच्या हातून एका टाकीचं झाकण उघडं राहिलं होतं आणि मासा बाहेर उडाला होता. मामाने तो वाळलेला मासा त्याच्या तळहातावर ठेवला, ती पाटी लिहिली आणि पोराला खोलीबाहेर काढलं ते कायमचं. आता दादाचं म्हणणं असे की विजेची एवढी उधळमाधळ करून काचेत समुद्र कोंडण्यात काय हशील. तरी चित्रीकरण त्यानेच ठरवलं होतं. का, असं भिंगूने विचारलं, तर तो खांदे उडवून म्हणाला की बाबांना बरं वाटेल म्हणून, दुसरं काय.

मामीला खाऱ्या वासाने मळमळायचं. ती खोलीत पाय ठेवत नसे, तेव्हा तिचा प्रश्नच नव्हता.

दुसरा म्हणजे शोभेचे मासे विकणारा दुकानदार. तोंडाने साखर, पण राणीवर त्याचा डोळा आहे हे जगजाहीर. भिंगू दुकानात शिरली तेव्हा तो काचा पुसत होता. तिने आडपडदा न ठेवता विचारलं. तो रागावला नाही, हसला.

"ताई, राणी चोरून मी करू काय? तिचं तोंड सगळ्यांना पाठ आहे. हत्ती चोरून फडताळात ठेवण्यातला प्रकार."

हे खरं होतं. भिंगूने ते मनात टिपलं, आणि तिथेच थांबायला हवं होतं, हे तिला नंतर कळलं. कारण दुकानदार पुढे बोलतच राहिला. काल संध्याकाळी त्याने मामाच्या टाक्या सांभाळणाऱ्या बादलीरावांना दुकानावरून जाताना पाहिलं होतं. सदऱ्याच्या आत पोटाशी काहीतरी धरून, भराभरा. तो हाक मारायला बाहेर आला तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"आणि ताई, वाऱ्याने सदरा उडाला तेव्हा दिसलं, खाली पाण्याची पिशवी होती. आत मासा हलत होता. एवढं आमच्या नजरेतून सुटत नाही."

३

बादलीराव हे नावही मामाचंच. खारं पाणी कालवायचं, टाक्यांचं पाणी बदलायचं, पंप धुवायचे, हे सगळं बादल्यांनीच होई आणि ते हा माणूस वर्षानुवर्षं करत होता. मामाकडून शिकूनच त्यांनी आणखी चार-पाच घरांतल्या टाक्या सांभाळायला घेतल्या होत्या. त्यांचं घर त्यावरच चालायचं.

भिंगूने सगळ्यांना वरच्या खोलीत बसवलं. मामा खिडकीजवळच्या खुर्चीत होता. एरवी मासा दगावला तर दिवसभर बडबडणारा हा माणूस आज गप्प होता. भिंगूशी बोलतानाही तिच्या तोंडाकडे न बघता तिच्या कानाकडे बघत होता. फार लागलंय याला, असं तिला वाटलं आणि तिचा आवाज आणखी धारदार झाला.

तिने एकेक गोष्ट मांडली. कागद फाडला नाही, कारण त्याची किंमत चोराला माहीत होती. जाळी घेतली नाही, वाडगा घेतला. कडी तोडली ती केवळ देखाव्यासाठी, कारण या खोलीची किल्ली चोराकडेच असते. आणि काल संध्याकाळी सदऱ्याखालून पिशवी गेली.

"पिशवी होती का?" तिने विचारलं.

बादलीरावांचा चेहरा राखेसारखा झाला. ते मामाकडे बघत राहिले.

"होती," ते म्हणाले.

"आत काय होतं?"

त्यांनी मान खाली घातली. दादा पोलिसांना फोन लावायला उठला. तेव्हा मामा पहिल्यांदा बोलला, तेही खिडकीकडे बघत. पोलीस नकोत, जाऊ द्या त्यांना. मामीने डोळ्यांना पदर लावला. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, असं सगळ्यांनाच वाटलं. भिंगूलाही वाटलं. बादलीरावांनी किल्ली कपाटावर ठेवली, पायऱ्यांवर क्षणभर थांबले आणि गेले.

भिंगूला त्या दिवशी, खोटं कशाला बोला, स्वतःचा अभिमान वाटला. दुकानदाराच्या तोंडाला कडी नव्हती. आठवड्याच्या आत बाकीच्या सगळ्या घरांनी बादलीरावांना कळवलं, उद्यापासून येऊ नका.

४

बादलीराव गेल्यावर टाक्यांचं काम भिंगूवर आलं. चित्रीकरण रद्द झालं होतं. ती रोज प्रयोगशाळा सुटली की येई, पाणी तपासे, पंप धुई. मामा खाणं घालायला उभा राही तेव्हा निम्मे दाणे काचेबाहेर सांडत. ती काही न बोलता पुसून घेई. दुःखाने हात थरथरत असणार.

राजा एकटा होता. तिने मामाला विचारलं, एखादं पिल्लू त्याच्या सोबतीला सोडू का?

"नको," मामा इतक्या झटकन म्हणाला की ती दचकली. "एकटं राहू दे त्याला. चार-सहा महिने. हात लावू नकोस."

शोकात माणूस असंच बोलतो, असं तिने स्वतःला समजावलं. आणि दुसऱ्या दिवशी तो दुपारचा आडवा झाल्यावर कोपऱ्यातलं ते कुरतडलेल्या पंखांचं पिल्लू वाडग्यात घेऊन राजाच्या टाकीत सोडलं. तेवढाच त्या बिचाऱ्याचा छळ संपेल आणि मामाला नंतर बरंच वाटेल.

ती डोळे लावून बसली. नवा मासा आला की जुना आधी त्याला पळवतो, चावतो, हे तिला माहीत होतं. वाडगा पुन्हा बुडवायच्या तयारीतच ती होती. पण राजा पिल्लाभोवती एकदा फिरला आणि बाजूला झाला. पिल्लू थेट टाकीत अंडी घालण्यासाठी उभ्या ठेवलेल्या फरशीच्या तुकड्याकडे गेलं आणि तो तोंडाने साफ करू लागलं. लेक चार दिवस कुठे जाऊन आली, आणि परतल्यावर आपल्याच घरातला केर काढायला लागली, तसं.

नवल आहे, असं म्हणून भिंगूने काळा कागद परत लावला. मामाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन कागदाच्या खिडकीशी बसली. फरशीवर काहीतरी चाललं होतं. मोठा मासा पोट टेकवून सावकाश पुढे सरकत होता. त्याच्या मागे फरशीवर नारिंगी ठिपक्यांची ओळ उमटत होती. त्या ओळीवरून लहान मासा थरथरत जात होता. मामीला जिन्यातूनच कळलं की काहीतरी घडलंय, आणि ती नाकाला पदर लावून चक्क खोलीत आली. अंडी, अगं बाई, अंडी घातली, देव पावला, असं म्हणत ती मामाला उठवायला वर गेली.

भिंगू जागची हलली नाही. अंडी घालणाऱ्या माशाच्या शेपटीजवळचा पट्टा तुटका होता.

अंडी राजा घालत होता.

५

क्लाउनच्या जातीत जन्मतः सगळे नरच असतात. घोळक्यात जो सगळ्यांत मोठा, तो मादी होतो. मादी गेली, की तिचा नर तिची जागा घेतो, स्वतः मादी बनतो, आणि धाकटा कुणीतरी त्याचा जोडीदार होतो. हे भिंगूला पुस्तकाआधी मामाने शिकवलं होतं, याच खोलीत, याच स्टुलावर. पण ते रातोरात होत नाही. कुणावर हुकूम चालवायचा ते माशाला लगेच कळतं, अंगात अंडी तयार व्हायला मात्र महिने जावे लागतात.

आणि राणी चोरीला जाऊन महिनाही झाला नव्हता.

म्हणजे राणी त्या दिवशी गेलीच नव्हती. ती केव्हाच गेलेली होती. कागदाआड महिनोन्‌महिने राजा होता, आणि त्याच्या जोडीला एक पिल्लू, जे चोरीच्या आदल्या दिवशी कुणीतरी उचलून परत घोळक्यात टाकलं होतं. म्हणून तर तिथे परक्यासारखे त्याचे हाल झाले आणि इथे ते घरी आल्यासारखं वागलं. आणि कागदाची खिडकी उघडायची मुभा एकाच माणसाला होती.

तिने स्वतःचे सगळे पुरावे पुन्हा मनात मांडले. घडी घातलेला कागद, वाडगा, कोळ्याचा धागा, देखाव्यापुरती कडी. एकही चुकीचा नव्हता. फक्त त्यांच्या टोकाला तिने भलताच माणूस उभा केला होता. वरच्या खोलीतला स्वतःचा धारदार आवाज तिला पुन्हा ऐकू आला.

मामा भिंतीला हात लावत जिना उतरून आला. मामीला भिंगूने चहा टाकायला पाठवलं.

"कुणी घातली अंडी?" मामाने विचारलं. आवाजात आनंदाचा लवलेश नव्हता.

"तुला माहीत आहे कुणी."

तो स्टुलावर बसला. तिच्या कानाकडे बघू लागला. तिने हळूच हातातला कप उजवीकडे नेला, मग डावीकडे. मग बरोबर त्याच्या नजरेसमोर धरला. मामाचे डोळे कपावर ठरलेच नाहीत.

"मामा, तुला समोरचं दिसत नाही."

"मधोमध डाग आहे," तो म्हणाला. "कडेचं दिसतं. तुझा चेहरा बघायचा तर कानाकडे बघावं लागतं."

मग त्याने तुकड्या-तुकड्याने सांगितलं. डोळे जातायत हे त्याने कुणालाच कळू दिलं नव्हतं, कारण कळलं असतं तर दादाने खोलीला कुलूप लावलं असतं. एका सकाळी खाणं घालून तो वर गेला. झाकण जागेवर आहे असं त्याला वाटलं होतं. ते हाताला लागलं होतं, पण अर्धंच सरकलेलं होतं. दुपारी तो परत आला.

"पायाखाली काहीतरी आलं. वाटलं, रबरी नळीचा तुकडा असेल. वाकून हाताने चाचपलं तेव्हा कळलं."

राणीला त्याने अंगणातल्या कुंडीत पुरलं. ज्या माणसाने झाकणापायी पोटच्या पोराला खोलीबाहेर काढलं, तो कुठल्या तोंडाने सांगणार? कागद लावलेलाच होता. राजाची मादी होईल, नवी जोडी जमेल, राणी म्हातारी होऊन गेली असं कधीतरी सांगता येईल, असा त्याचा हिशेब होता. तेवढ्यात चित्रीकरणाची माणसं ठरली. राणीचे गाल कुठून आणणार? मग त्याने चोर आणला. त्याच्या मनात चोर म्हणजे कुणी बिनचेहऱ्याचा, ज्याला घर नाही, बायको नाही.

"आणि मी त्याला चेहरा दिला," भिंगू म्हणाली.

"तू दिलास. पण मी समोर बसलो होतो."

तिला त्याचा राग यायला हवा होता. पण राग करायला स्वतःचं अंग थोडं तरी कोरडं असावं लागतं. ती त्याच्याइतकीच भिजलेली होती.

एकच गाठ सुटत नव्हती. बादलीरावांच्या पिशवीत मासा होता, हे तर त्यांनी स्वतः कबूल केलं होतं. राणी नव्हती, तर मग कोण होतं?

६

गाडी दादाने चालवली. कुठे जायचं एवढंच त्याला सांगितलं होतं. मामा त्याच्या शेजारी बसून गुडघ्यांवर हात घासत होता.

बादलीरावांच्या बायकोने दार उघडलं आणि भिंगूला पाहून वाट अडवून उभी राहिली. मग तिच्या मागे मामा दिसला, तशी ती सरकली. म्हाताऱ्या माणसाला दारात ताटकळत ठेवणं तिच्याने झालं नाही.

स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला एक छोटी टाकी होती. तिच्यावर झाकण म्हणून ताटली. आत वेड्यावाकड्या क्लाउनांचा मेळा पोहत होता. एकाचा कल्ला उघडा, एकाचा जबडा तिरका, एकाच्या अंगावर पट्ट्याऐवजी नुसता डाग. भिंगूला पाहताक्षणी कळलं. अशी पिल्लं मामा मारून टाकायला लावायचा. व्यंग असलेला एकही मासा माझ्या खोलीबाहेर जाता कामा नये, माझ्या नावाने तो फिरेल, असा त्याचा दंडक होता.

बादलीराव मामाला बघून उठले आणि मामाने तोंड उघडायच्या आधीच बोलू लागले.

"काका, माझं चुकलं. तुम्ही मारायला सांगत होता, मी मारली नाहीत. तिथे सगळ्यांसमोर सांगायची हिंमत झाली नाही. तुमच्या टाक्यांतून काढलेलं जुनं पाणीच आणत होतो, त्यावरच जगली. पण राणीला मी हात..."

"गप्प बसा," मामा म्हणाला. "मला बोलू द्या. पुन्हा जमायचं नाही."

त्याने ओट्याची कड धरली. नजर बादलीरावांच्या कानाकडे लावली, आणि मग, समोरचं दिसणार नाही हे माहीत असूनही, मुद्दाम सरळ केली.

"राणीला कुणी चोरलं नाही. झाकण मी उघडं टाकलं होतं. ती माझ्या पायाखाली मेली. कडी मी तोडली. तुमच्यावर आळ आला तेव्हा मी तोंड शिवून बसलो."

बादलीरावांची बायको भिंतीला टेकली आणि तिने हळूच "अरे देवा" म्हटलं. दारात दादा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"बाबा," तो म्हणाला, "मी तेव्हा दुसरीत होतो."

"हो रे," मामा म्हणाला.

मग भिंगू पुढे झाली. तिने गाडीत वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातली पहिली दोन बोलून झाली आणि बादलीरावांनी हाताने थांबवलं.

"ताई, काकांचं मी समजू शकतो. माणूस घाबरतो, मीपण घाबरलोच होतो. पण तुम्ही घाबरलेल्या नव्हता. तुम्हाला मजा येत होती. तुमच्यावर राग आहे अजून."

तिने मान हलवली. उद्या त्या सगळ्या घरी मी स्वतः जाऊन सांगेन, असं ती म्हणाली. पहिल्यांदा दुकानदाराकडे. बादलीराव म्हणाले, जा, सांगाच.

खोलीत परत याल का, हे मामाने विचारलं नाही. त्याची तेवढी छाती नव्हती. ते दादाने विचारलं, उंबऱ्यातूनच. बादलीराव टाकीकडे बघत राहिले. येईन म्हणाले, पण यापुढे वाकडं पिल्लू मारायचं नाही. मामाने मान डोलावली. मग तो टाकीजवळ गेला, मान वाकडी करून कडेच्या नजरेने पाहू लागला, आणि तिरक्या जबड्याचा एक मासा काचेशी येऊन त्याच्याकडे बघू लागला.

"खातो का हा?" मामाने विचारलं.

"सगळ्यांच्या आधी," बादलीराव म्हणाले.

निघताना मामाचा हात चाचपडत टाकीच्या वरच्या कडेवर गेला. दादा दारातून आत आला, आणि त्याने तो हात धरून ताटलीवर नेऊन ठेवला.

"लावलंय?" मामाने विचारलं.

"लावलंय, बाबा."